तबेला आणि गोठा

परवा रात्री जेवणं आटोपून गच्चीवर बसलो होतो. पिपरीत वारा असतो तो फक्त गच्चीवर, तोही नऊनंतर. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो इंग्लंडमध्ये असतो, सात वर्षं झाली. "मामा, व्हॉट्सअॅप बघा. फोटो पाठवलेत. घर घेतोय."

बघितले. हिरवंगार कुरण, लांबलचक रस्ता, दोन्हीकडे झाडं, आणि शेवटी एक अवाढव्य दगडी हवेली. पन्नासेक तरी खिडक्या असतील. मी म्हटलं, बापरे, एवढं मोठं? तर तो हसला. "अख्खं नाही हो मामा. त्याचे बावीस फ्लॅट केलेत. त्यातला एक." मग थोडं थांबून, "म्हणजे मेन हाऊसमधला नाही, ते परवडत नाही. मागे कोच हाऊस आहे, तिथला."

कोच हाऊस म्हणजे काय हे मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं की पूर्वी तिथे बग्ग्या ठेवत आणि घोडे बांधत.

म्हणजे तबेला.

आता हे वाचणाऱ्यांत आमचे निम्मे नातेवाईक आहेत हे मला ठाऊक आहे. ताई, तूही वाचशील. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा. घर घेण्याला माझा विरोध नाही. पोरगं हुशार आहे, स्वतःच्या कमाईवर घेतंय, मामाला सगळ्यात आधी फोटो पाठवतंय, आणखी काय पाहिजे? मला बोलायचंय ते त्याच रात्री, त्याच फोनवर, फोटो बघून झाल्यावर निघालेल्या दुसऱ्या विषयावर. तो म्हणाला, "आणि मामा, त्या गावच्या वाड्याचं एकदाचं काहीतरी करून टाका. विकून मोकळे व्हा. काय ठेवलंय तिथे?"

तर मंडळी, काय ठेवलंय ते सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आमचे पणजोबा मालगुजार होते. फार मोठे नव्हेत, एका गावाचे सोळा आणे आणि शेजारच्या गावाचे आठ आणे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना मालगुजार हा शब्द परका वाटेल. तिकडे जसे पाटील, इनामदार, तसा हा नागपूर प्रांताकडचा प्रकार. भोसल्यांच्या काळात गावाचा सारा गोळा करून भरणारा तो मालगुजार. १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि १८६० च्या दशकात जमाबंदी करताना इंग्रजांनी या सारा गोळा करणाऱ्यांनाच गावाचे मालक करून टाकलं. याच दशकात, १८६२ मध्ये, वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवलं गेलं. आमचा वाडा त्यानंतरचा. सागवानी खांब, सागवानी मयाली, वर कवेलू, मधे चौक, पुढे सपरी, दिंडी दरवाजा, मागे विहीर आणि तिच्या बाजूला बैलांचा गोठा.

तेव्हा आमच्या वाड्याला पुण्याई वगैरे चिकटवायला मी बसलेलो नाही. तो कुळांच्या खंडावर आणि वेठीवर उभा राहिला. पण समोरची ती पन्नास खिडक्यांची हवेली काय सत्यनारायणाच्या प्रसादावर उभी राहिली होती? ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टनं २०२० मध्ये आपल्या ताब्यातल्या जागांचा स्वतःच धांडोळा घेतला, तेव्हा ९३ ठिकाणांचे धागेदोरे वसाहतींशी आणि गुलामांच्या व्यापाराशी जुळलेले निघाले. बर्कशायरमधलं बेसिल्डन पार्क हे १७७६ मध्ये बांधायला घेतलं ते फ्रान्सिस साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अंमलदारानं, बंगालात कमावलेल्या पैशावर. आपला त्र्यंबकेश्वराचा नासक हिरा १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. १८३७ च्या लिलावानंतर तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं घेऊन तलवारीच्या मुठीत बसवला. त्या घराण्याचं ईटन हॉल हे चेशायरमधलं घर म्हणजे राजवाड्यालाही लाजवील असं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेही पाडलं, फार खर्चिक झालं म्हणून.

तर पाया दोन्हीकडे सारखाच. गंमत पुढे आहे.

पडझडही दोन्हीकडे सारखीच झाली. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतमालाचे भाव कोसळले, मग वारसा कर वाढत गेले, दोन महायुद्धं झाली, नोकर मिळेनासे झाले. विसाव्या शतकात अशी शेकडो घरं जमीनदोस्त झाली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे ध्वनिमुद्रित आवाजात एकेका घराचं नाव वाचून दाखवत, वर्षश्राद्धाला पितरांची नावं घेतात तसं. इकडे आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. गावं गेली, सीरची जमीन आणि राहती घरं उरली. पुढे महाराष्ट्रात आल्यावर १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं मोठ्या शेतांना कात्री लावली. गेलं ते योग्यच गेलं, असं माझं आजही मत आहे (आजोबांसमोर बोलायची छाती नव्हती). पण घर उरलं आणि घराला पोसणारं काही उरलं नाही, ही अवस्था अगदी तीच.

आणि उपायही तोच निघाला की! तिकडे १९५५ मध्ये काही लोकांनी संस्था काढून असली घरं घ्यायला आणि त्यात निवृत्त मंडळींसाठी खोल्या करायला सुरुवात केली. ती संस्था पुढे २००३ च्या सुमारास बुडाली तो भाग वेगळा. १९७० च्या दशकापासून किट मार्टिन नावाच्या गृहस्थानं मोडकळीला आलेल्या हवेल्या घेऊन, आतले मोठे दिवाणखाने शक्यतो न तोडता, त्यांची उभी वाटणी करून घरं विकली. नॉरफोकमधलं गंटन हॉल हे त्याचं गाजलेलं काम. आज माझा भाचा बघतोय ते याच वाटेवरचं घर. मोठ्या घराच्या वाटण्या करायच्या आणि प्रत्येकानं आपापल्या तुकड्यात राहायचं.

याला आपल्याकडे काय म्हणतात? वाटणीपत्र म्हणतात. आमचं १९७८ चं आहे, स्टँपपेपरवर, चार साक्षीदारांच्या सह्यांनिशी. आजोबांना पाच मुलगे, वाड्याचे पाच भाग. आत्यानं साडीचोळीवर हक्कसोड लिहून दिली, त्या काळची रीत. थोरल्याला (म्हणजे माझ्या वडिलांना) पूर्वेची बाजू, दुसऱ्याला माजघराकडची, असं करत करत शेवटी धाकट्या काकांच्या वाट्याला काही उरेचना. ते तेव्हा तिशीचे होते, लग्न व्हायचं होतं. त्यांना मागचा गोठा दिला. वर माळा, खाली गव्हाणी, मागे विहीर.

काकांनी गव्हाणी काढल्या, भिंतीला चुना मारला, जमिनीला शहाबादी फरशी टाकली, दोन खोल्या आणि सैपाकघर काढलं. गोठ्याच्या दाराची उंची तशीच ठेवली, त्यामुळे बैलगाडी आत जाईल एवढ्या दारातून काका घरात शिरायचे. आम्हा पोरांना ते घर सगळ्यात आवडायचं, कारण उन्हाळ्यात तेच गार. मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीसचा पारा असला तरी त्या जाड मातीच्या भिंतींच्या आत दुपारी झोप लागायची. आज मी दुसऱ्या मजल्यावरच्या सिमेंटच्या डब्यात कूलरपुढे बसून हे लिहितोय तेव्हा ते जास्तच आठवतं.

पण मोठ्यांच्यात काय म्हणायचे? "गोठ्यात राहतो." काकांना दोन स्थळांनी याच कारणावरून नाकारलं. काकू घरात आल्यावर त्यांच्या माहेरच्यांनी पहिल्याच दिवाळीला टोमणा मारला. लग्नपत्रिकेवर वाड्याचा पत्ता छापायचा तेव्हा थोरल्या घरचा छापायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या माणसानं हे ऐकलं आणि कोणाला उलट बोलला नाही.

आणि आता परवाच्या फोटोखाली आमच्या कौटुंबिक गटावर प्रतिक्रिया बघा. अंगठे, हार्ट, "प्राउड ऑफ यू", "रॉयल", "किती क्लासी". एका वहिनींनी तर लिहिलं, "शेवटी मालगुजाराचं रक्त!" माझी आपली एकच शंका. घोडा बांधलेल्या जागेत राहणं हे रॉयल आणि बैल बांधलेल्या जागेत राहणं ही नाचक्की, हे नेमकं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? की जनावर कोणतं यावरच सगळं ठरतं?

बरं, त्या तबेल्याचा व्यवहार काय आहे तेही मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. (मामा नोकरीत असताना आयुष्यभर हिशेब तपासत होता, सवय जात नाही.) इंग्लंडात फ्लॅट घेतला म्हणजे बहुतेक वेळा तो कायमचा आपला होत नाही. भाडेपट्टा घ्यायचा. याच्या पट्ट्याची ११८ वर्षं उरली आहेत. जमीन, भिंती, छप्पर हे सगळं मूळ मालकाचं. म्हणजे मालगुजाराचा खापरपणतू तिकडे जाऊन चक्क कूळ झाला! नियतीला विनोदबुद्धी आहे. २०२२ च्या कायद्यानं तिकडे नव्या पट्ट्यांवरचा जमिनीचा खंड जवळजवळ बंद केला आणि २०२४ मध्ये पट्टेदारांसाठी आणखी एक कायदा झाला, पण याचा पट्टा जुना आहे. त्याला हे सगळं विचारलं तर म्हणाला, वकील बघतोय.

शिवाय इमारत संरक्षित यादीतली. परवानगीशिवाय खिडकीची चौकट बदलता येत नाही, भिंत पाडता येत नाही. "तुला चालेल हे?" तर म्हणे, "अहो, तेच तर छान आहे ना, कॅरॅक्टर टिकून राहतं." हाच मुलगा २०१९ मध्ये गावी आला होता तेव्हा वाड्याच्या खिडक्या काढून सरकत्या अॅल्युमिनियमच्या का लावत नाही म्हणून माझ्याशी तासभर वाद घालत होता.

आणि सर्व्हिस चार्ज. वर्षाला पाच हजार पौंड. हिरवळ कापणं, रस्ता, विमा आणि मुख्य म्हणजे छप्पर. बावीस घरांनी मिळून त्या एका छपराचा खर्च उचलायचा. फ्लॅट तबेल्यात असला आणि हवेलीचं छप्पर गळलं तरी याला भरायचंच आहे. आजच्या भावानं साधारण पावणेसहा लाख रुपये. दर वर्षी.

आता आमचा आकडा ऐका. वाड्याला गिऱ्हाईक आलंय. साठ लाख म्हणतो. त्यानं आधी सागवान किती घनफूट निघेल ते विचारलं आणि जागा किती ते नंतर. खांब, दारं, तुळया काढून विकल्या जातात, त्यांना मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत आणि फार्महाऊसांवर मागणी आहे, हे त्यानंच मोकळेपणानं सांगितलं. साठ लाखांचे पाच भाग, बारा लाख. आमच्या वडिलांच्या हिश्श्यात ताई आणि मी निम्मे निम्मे. (ताईचा हक्क आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात कधी किंतु नव्हता, हे इथे जाहीर लिहून ठेवतो.) म्हणजे ताईचे सहा लाख. दीडशे वर्षांच्या घरातला त्याच्या आईचा अख्खा हिस्सा म्हणजे त्याच्या तबेल्याचा एका वर्षाचा सर्व्हिस चार्ज! एक वर्ष छप्पर सांभाळलं जाईल, हिरवळ कापली जाईल, आणि संपलं.

"काय ठेवलंय तिथे" याचं हे एक उत्तर. दुसरं उत्तर, तिथे धाकटे काका ठेवलेत. वय शहाहत्तर-सत्याहत्तर, काकू गेल्या, मुलगी हैदराबादला. पाच भागांपैकी चारांना कुलूप आणि गोठ्यात माणूस. संध्याकाळी चौकात दिवा तेच लावतात. विक्रीचं कानावर घातलं तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमी सारे म्हनसान तसं करू बाबू." हो म्हणाले असते तर सोपं होतं, नाही म्हणाले असते तर त्याहून सोपं होतं.

इथवर मी इतरांना बोलून घेतलं. आता घरचा अहेर. वाडा पडायला आला तो कायद्यामुळे नाही, गरिबीमुळे नाही, मुलं परदेशी गेली म्हणूनही नाही. मी स्वतः १९९६ मध्ये इथे पिपरीत राहायला आलो, ते पोरांच्या शाळेसाठी आणि बायकोला विहिरीचं पाणी शेंदायला लागू नये म्हणून. तिचं बरोबरच होतं. वाड्याचं सौंदर्य वर्णन करणाऱ्या पुरुषांनी त्याचा चौक किती वेळा सारवला होता ते आधी सांगावं. तेव्हा इथे कापसाची शेतं होती, ले-आउट पडत होते. पुढे २०११ च्या जनगणनेनं पिपरीला शहरात मोजलं. आमच्या इमारतीच्या नावात 'पॅलेस' आहे. तीन मजले आणि बहुतेक वेळा बंद असणारी एक लिफ्ट. मी वाड्यातून पॅलेसमध्ये आलो, भाचा तबेल्यात गेला, कोणी कोणाला हसू नये.

वाडा पडायला आला तो कवेलूंमुळे. १९७८ च्या वाटणीपत्रात एक वाक्य आहे, मी ते परवा पुन्हा काढून वाचलं. विहीर, दिंडी दरवाजा, देवघर आणि चौक सामाईक. छपराचा उल्लेख नाही. पाच भाऊ बसले, चार साक्षीदार बसले, वकील बसला, आणि घराचं छप्पर लिहायचं राहिलं! ज्याच्या डोक्यावरचे कवेलू त्याचे, असा अर्थ सगळ्यांनी आपापला काढला. पावसाला हे कोणी कळवलं नाही. माझ्या भागातले कवेलू फुटले की पाणी मयालीवरून वाहत दुसऱ्या काकांच्या माजघरात उतरायचं. ते म्हणायचे तुझं छप्पर, मी म्हणायचो तुमची भिंत. कवेलू दर उन्हाळ्यात फेरावे लागतात, फुटके काढून नवे घालायचे, माकडांनी सरकवलेले नीट बसवायचे. दोन माणसांचं आठवड्याचं काम. २०१५ मध्ये धाकट्या काकांनी ठरवलं, प्रत्येक घरानं वर्षाला चार हजार द्यायचे. आमच्या घरचे म्हणजे ताईचे दोन, माझे दोन. पहिल्या वर्षी सगळ्यांनी दिले. दुसऱ्या वर्षी तिघांनी. मग काका एकटेच स्वतःच्या पेन्शनमधून जमेल तेवढं फेरत राहिले, आधी आमचा भाग, शेवटी गोठा. मी २०२२ पासून दिलेले नाहीत. कारण? काहीच नाही. राहून गेलं.

मग इंग्रजांचं काय विशेष आहे? ते आपल्यापेक्षा परंपरेवर जास्त प्रेम करतात असं मला वाटत नाही, त्यांनी शेकडो घरं पाडलीच. विशेष एवढंच की ज्यांनी वाचवली त्यांनी छप्पर कागदावर लिहिलं. दिलं नाही तर नोटीस येते, कोर्ट होतं. पाच हजार पौंडांची नोटीस आली की भाचा निमूट भरणार, आणि काकांनी दोन हजारांचा फोन केला की ताई म्हणणार, "अहो, तिथे कोण राहतंय?" तिथे कोण राहतंय, काका राहतायत.

'मग म्युझियम करा', 'होम स्टे करा' वगैरे सल्ले कृपया कोणी देऊ नयेत, गेल्या वेळी बारा आले होते. नमुना हवाच असेल तर आपल्या वर्ध्यातच आहे. जमनालालजी बजाजांचा पवनारला धाम नदीकाठी बंगला होता. १९३८ मध्ये विनोबा तिथे राहायला गेले. १९५९ पासून तिथे ब्रह्मविद्या मंदिर आहे, स्त्रियांनी मिळून चालवलेलं, सामाईक चूल, सामाईक शेत. श्रीमंताच्या बंगल्याचं याहून चांगलं रूपांतर मला माहीत नाही. आणि जवळच सेवाग्रामला बापू कुटी आहे. ती मातीची झोपडी मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली, आणि त्या मीराबेनचं बालपण इंग्लंडात डॉर्किंगजवळ आजोबांच्या असल्याच एका मोठ्या घरात गेलेलं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मी आता झोपडीत राहू का?" नको रे बाबा. मीही राहत नाही. तू तबेल्यातच राहा, सुखानं राहा, मी येईन चार दिवस.

मला हवंय ते फार छोटं आहे. वकिलाला विचारून आलोय. १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकीचा कायदा आहे, आपल्या विदर्भातले कितीतरी फ्लॅट त्याच कायद्याखाली विकले गेलेत. किमान पाच घरं लागतात, आपली पाच आहेत. सगळ्या मालकांनी मिळून घोषणापत्र करायचं, त्यात प्रत्येकाचा भाग आणि सामाईक काय ते लिहायचं. सामाईकमध्ये पहिलं नाव छपराचं. वर्षाचा खर्च ठरवून, हिश्श्याप्रमाणे. ज्याला विकायचंय त्यानं आपला भाग विकावा, मी आड येणार नाही, पण घेणाऱ्याला छपराचे पैसे भरावे लागतील. गावठाणात कागदपत्रांच्या अडचणी येतील असं वकील म्हणाला, तेव्हा फी त्यालाच मिळणार असल्यानं येतीलच. सह्या मात्र सगळ्यांच्या लागतात, एक जरी राहिली तरी होत नाही. विक्रीला लागतात तेवढ्याच, एकही जास्त नाही.

तर भाच्या, तुझ्या आईची सही मला हवी आहे. तू वीस मिनिटं तुझ्या त्या पट्ट्यातलं छपराचं कलम तिला मराठीत समजावून सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकते. जमलं तर ते कलमच मला पाठव, आपल्या कागदात तसंच घालता येईल का ते बघू.

पाऊस लागायच्या आत कवेलू फेरायचे आहेत. दोन माणसं सांगून ठेवली आहेत, पुढच्या सोमवारी येतील. माझे २०२२ पासूनचे थकलेले सगळे पैसे मी काल गावी जाऊन काकांच्या हातात दिले. त्यांनी मोजले नाहीत, देवघरात ठेवले, आणि चहा टाकायला आत गेले. दाराशी वाकावं लागत नाही त्या घरात, मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. पावती मागून घेतली आहे, फोटो गटावर टाकतो.